कारभाऱ्याचं चर्च

ख्रिस्तजन्माची गोष्ट चित्रकारांनी हजारदा सांगितली आहे. गोठा, गव्हाण, मेंढपाळ, तारा, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष. मरिया आणि योसेफ बेथलेहेमला मुळात कशासाठी गेले होते, याकडे मात्र बहुतेकांनी काणाडोळा केला. ते गेले होते सरकारी कामासाठी. रोमन सम्राटाने नावनोंदणीचा हुकूम काढला होता, आणि त्या नोंदणीवरून पुढे कर बसणार होता. इस्तंबूलच्या जुन्या तटबंदीला लागून, एदिर्नेकापी भागात, करिये मशीद आहे. तिच्या बाहेरच्या ओसरीत हा दुर्लक्षित प्रसंग एका अख्ख्या कमानीखाली सोनेरी मोझेकमध्ये सजवलेला दिसतो. सुभेदार क्विरिनियस आसनावर ऐसपैस बसला आहे, जवळ हत्यारबंद शिपाई आहेत, कारकून हातातली लांब गुंडाळी सोडून नाव लिहून घेतो आहे आणि समोर गरोदर मरिया उभी आहे.

या चित्राला इतकी मोक्याची जागा कशी मिळाली? ज्याच्या पैशातून ते उभं राहिलं, तो माणूस बायझंटिन साम्राज्याच्या महसूल खात्याचा प्रमुख होता. त्याचं नाव थिओडोर मेटोकायटीस.

हाया सोफिया ही सम्राटाने बांधलेली आणि सुलतानाने घेतलेली वास्तू. तिच्याबद्दल बोलताना जस्टिनियन आणि दुसरा मेहमद ही नावं आपोआप येतात. तिथून पाऊण तासाच्या चालीवर असलेल्या करियेचं, म्हणजे जुन्या ग्रीक नावाने खोरा मठाच्या चर्चचं, तसं नाही. हिचं भाग्य प्रत्येक वळणावर दरबारातल्या कारभाऱ्यांनी आणि त्यांच्या कागदांनी ठरवलं. मला ती हाया सोफियापेक्षा जास्त जवळची वाटते, त्याचं एक कारण तेही असेल. सम्राटांशी आपला संबंध येत नाही, कारकुनांशी रोजच येतो.

मेटोकायटीसचा जन्म १२७० चा. वडील गेओर्गिओस हे रोमच्या पोपशी समेट करावा या मताचे पुढारी होते. तेव्हाचा सम्राट आठवा मायकेल याचंही धोरण तेच होतं, त्यामुळे घराण्याचं चांगलं चाललं होतं. १२८२ मध्ये मायकेल वारला, मुलगा दुसरा अँड्रोनिकस गादीवर आला आणि त्याने बापाचं धोरण फिरवलं. गेओर्गिओस यांनी मत बदललं नाही. ते कैदेत गेले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी कैदेतच काढलं. थिओडोर आशिया मायनरमध्ये, वडिलांच्या बंदिवासाच्या सावलीत, मिळतील त्या पुस्तकांवर वाढला.

१२९० मध्ये सम्राट अँड्रोनिकस नायसिया शहरात आला. वीस वर्षांच्या थिओडोरने त्याच्यासमोर त्या शहराच्या स्तुतीपर भाषण केलं. सम्राट विद्याप्रेमी होता, खूश झाला आणि मुलाला दरबारात घेऊन गेला. ज्याने बापाला तुरुंगात टाकलं त्याच्याच पदरी मुलगा पुढे जवळजवळ चार दशकं राहिला. या गोष्टीचं त्याला काय वाटत असेल याचा अंदाज त्याच्या लेखनातून बांधता येतो. त्याने पुष्कळ लिहिलं आणि त्या लिखाणात नशिबाच्या लहरीपणाचं पालुपद पानोपानी आहे.

दरबारात तो झपाट्याने चढला. १२९९ च्या सुमारास सर्बियाचा राजा मिलुतिन याच्याशी तह जुळवायला तो वकील म्हणून गेला. तहाची अट होती सम्राटाची मुलगी सिमोनिस. ती पाच वर्षांची होती आणि मिलुतिनची आधीची लग्नं झालेली होती. कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, धर्मगुरूने हरकत घेतली, तरी लग्न झालं. मेटोकायटीसने या वकिलीचा तपशीलवार वृत्तांत लिहून ठेवला आहे. मुत्सद्दी म्हणून तो यशस्वी झाला. आपण मात्र सिमोनिसचं वय विसरू शकत नाही.

पुढे महसूल खातं त्याच्याकडे आलं आणि सम्राटाचा उजवा हात म्हणून सगळा कारभारही. दिवसभर राजवाड्यात राजकारण आणि रात्री ग्रंथ, असा त्याचा दिनक्रम त्याचा शिष्य निकेफोरस ग्रेगोरास वर्णन करतो. चाळिशी उलटल्यावर त्याने मॅन्युएल ब्रायेनिओस या पंडिताकडे टॉलेमीचं खगोलशास्त्र शिकायला घेतलं. कारभार सांभाळणाऱ्या माणसाने त्रेचाळिसाव्या वर्षी ग्रहांची गणितं मांडायला बसावं, याचं मला अप्रूप वाटतं. मात्र हाच माणूस पदं विकून पैसा करतो, असं बाहेर बोललं जात होतं. दोन्ही एकाच माणसात असू शकतं, आणि खोराच्या भिंती पाहिल्या की दोन्ही खरं असावं असं वाटतं.

मेटोकायटीसकडे आला तेव्हा हा मठ बराच जुना होता. मूर्तिपूजेच्या वादात सम्राटाला विरोध करणारा धर्मगुरू जर्मानोस आठव्या शतकात इथेच पुरला गेला. अकराव्या शतकाच्या अखेरीस पहिला अॅलेक्सियस कोम्नेनोस याच्या सासूबाई मारिया डुकाइना यांनी चर्च नव्याने बांधलं. काही दशकांतच ते भूकंपाने किंवा जमीन खचून बिघडलं, तेव्हा त्यांचा नातू आयझॅक कोम्नेनोस याने १२ व्या शतकात डागडुजी केली. आयझॅकने इथे स्वतःच्या कबरीची तयारीही करून ठेवली होती. पुढे थ्रेसमध्ये त्याने दुसरा मठ उभारला आणि मन बदललं. कबरीचं सामान खोरातून उचलून तिकडे आणावं, अशी सूचना त्याने त्या मठाच्या नियमपत्रात लिहून ठेवली. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या लॅटिन सैन्याने शहर लुटलं आणि १२६१ पर्यंत ते त्यांच्याच ताब्यात राहिलं. त्यानंतर मठ दुरवस्थेत होता.

मेटोकायटीसने १३१५ ते १३२१ या काळात काम उरकलं. मधला मोठा घुमट पुन्हा बांधला, पश्चिमेला दोन ओसऱ्या जोडल्या, दक्षिणेला दफनासाठी लांबट चॅपेल काढलं. भिंतींवर रंगीत संगमरवराच्या फळ्या बसवल्या. एकाच दगडातून कापलेल्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी लावल्या, त्यामुळे शिरांच्या नक्षीची दोन्ही बाजूंना जोडी जमते. वरचा भाग मोझेक आणि भित्तिचित्रांनी भरला. कारागिरांची नावं राहिली नाहीत.

हे सगळं होत असताना साम्राज्याची अवस्था काय होती? पैसे वाचवायला अँड्रोनिकसने १२८५ मध्येच आरमार मोडीत काढलं होतं. बेकार झालेले खलाशी तुर्कांकडे गेले. १३०२ मध्ये बाफेउसला तुर्क सरदार उस्मान याच्या टोळीने साम्राज्याच्या फौजेला हरवलं. सोन्याच्या नाण्यातलं सोनं घटत होतं. शेतकऱ्यांवरचे कर वाढत होते आणि आशिया मायनरमधला कर देणारा मुलूखच हातातून निसटत होता. वसुली पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हे आकडे कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असणार. तरी ओसरीत सोन्याचे चौकोनी तुकडे बसत राहिले. मठात सार्वजनिक उपयोगाचं ग्रंथालय उभं राहिलं, हीही नोंद करायला हवी. त्यातले ग्रंथ त्याने स्वतः जमवले होते.

आतल्या ओसरीतून मुख्य दालनात जाणाऱ्या दारावर त्याने स्वतःचं चित्र काढून घेतलं. मध्ये सिंहासनावर ख्रिस्त. त्याच्या उजव्या हाताला मेटोकायटीस गुडघे टेकून चर्चची छोटी प्रतिकृती अर्पण करतो आहे. अंगात फुलांच्या नक्षीचा दरबारी झगा, डोक्यावर पट्टे असलेली पांढरी, अवाढव्य टोपी. अशा टोप्या दरबारात हुद्दा दाखवत. देवापुढे गुडघे टेकले, पण हुद्दा उतरवून ठेवला नाही. शेजारी त्याची पदवीही लिहिली आहे. अशा चित्रात एरवी ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंना कोणी ना कोणी असतं. इथे ख्रिस्ताच्या डाव्या हाताची बाजू पूर्ण मोकळी आहे, नुसतं सोनं. दुसऱ्या कोणाला सोबत घ्यायची त्याची तयारी नसावी असं मला नेहमी वाटतं, जरी चित्रकलेचे जाणकार या मोकळ्या जागेचा वेगळा अर्थ लावू शकतील.

आधीच्या आश्रयदात्यांना तो अगदी विसरला नाही. त्याच ओसरीच्या दक्षिण टोकाला ख्रिस्त आणि मरियेचं प्रचंड मोझेक आहे. त्यांच्या पायाशी दोन छोट्या आकृती दिसतात. एक आयझॅक कोम्नेनोस. दुसरी काळ्या वस्त्रातली जोगीण मेलाने, आणि तिच्यापुढचे शब्द सांगतात की ती मंगोलांची राणी होती. ही अँड्रोनिकसची सावत्र बहीण मारिया, आठव्या मायकेलची लग्नाबाहेरची मुलगी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १२६५ मध्ये बापाने तिला इराणवर राज्य करणाऱ्या हुलागू खानाशी लग्न लावायला पाठवलं. ती वाटेत असतानाच हुलागू मेला, म्हणून तिचं लग्न त्याचा मुलगा अबाका याच्याशी झालं. अबाका १२८२ मध्ये मेल्यावर ती परत आली आणि संन्यास घेऊन तिने स्वतःचा एक मठ काढला. त्या मठाचं चर्च इथून फार लांब नाही. त्याची गोष्ट पुढे येईल.

दोन्ही ओसऱ्यांच्या उरलेल्या भागात मरियेचं आणि ख्रिस्ताचं चरित्र आहे. मरियेचं बालपण बायबलमध्ये नाही. ते लोकप्रिय पण अधिकृत न मानलेल्या ग्रंथांमधून आलं आहे. आई-बापांनी तान्ह्या मरियेला दोघांच्या मध्ये धरून कुरवाळलं आहे, त्या एका चित्रापुढे ओसरीतली बाकीची सगळी सोनेरी मिरवणूक मला जरा कोरडी वाटते. बायझंटिन कला म्हणजे ताठ, डोळे वटारलेले संत, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे थोडं थांबावं.

दक्षिणेच्या चॅपेलमध्ये सोनं संपतं आणि रंग सुरू होतात. इथे मेटोकायटीस आणि त्याच्या वर्तुळातल्या लोकांच्या कबरींसाठी भिंतीत कमानी ठेवल्या होत्या. टोकाच्या अर्धगोल छतावर पांढऱ्याशुभ्र वस्त्रातला ख्रिस्त मृत्युलोकात उतरला आहे. एका हाताने त्याने आदमला आणि दुसऱ्याने हव्वेला मनगटाला धरून शवपेटीतून खेचून काढलं आहे. हात धरलेला नाही, मनगट. म्हणजे त्या दोघांच्या इच्छेचा प्रश्नच नाही. हव्वा अजून नीट उभीही राहिलेली नाही. खाली पाताळाची दारं मोडून पडली आहेत, कुलपं, किल्ल्या, खिळे विखुरले आहेत आणि सैतान बांधलेला पडला आहे. पुनरुत्थानाची याहून धसमुसळी कल्पना मी पाहिली नाही. जवळच्या घुमटाखाली शेवटच्या न्यायाच्या चित्रात एक देवदूत सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांसकट आकाशाची गुंडाळी करतो आहे. खगोलशास्त्र शिकलेल्या कारभाऱ्याला ही जागा आवडली असणार.

काम संपलं त्याच १३२१ मध्ये मेटोकायटीस महालोगोथेट झाला, म्हणजे सर्वोच्च नागरी पदावर पोचला. त्याच वर्षी म्हाताऱ्या सम्राटाविरुद्ध त्याचा नातू, तिसरा अँड्रोनिकस, उठला. आजोबा-नातवाचं यादवी युद्ध सात वर्षं चाललं. मधल्या काळात, १३२६ मध्ये, बुर्सा उस्मानी तुर्कांकडे गेलं आणि त्यांची राजधानी झालं. मे १३२८ मध्ये एका रात्री नातू राजधानीत शिरला. जमावाने मेटोकायटीसचा वाडा लुटला. त्याची मालमत्ता जप्त झाली, त्याला थ्रेसमधल्या डिडिमोटायको या गावी पाठवलं. तिथून त्याने खोराच्या भिक्षूंना लिहिलं, त्यात ग्रंथ सांभाळा ही विनवणी आहे. पैसा गेला, पद गेलं, वाडा गेला, आणि काळजी लागली ती पुस्तकांची. इथे त्याच्याबद्दलचा माझा राग बराचसा मावळतो.

१३३० मध्ये त्याला परत यायची परवानगी मिळाली, पण राहायचं स्वतःच्या मठात. थिओलेप्टोस हे नाव घेऊन तो भिक्षू झाला आणि मार्च १३३२ मध्ये वारला. शिष्य ग्रेगोरासच्याही नशिबी हेच आवार आलं. शतकाच्या मध्यावर धार्मिक वादात हरल्यावर त्याला काही वर्षं याच मठात नजरकैदेत ठेवलं होतं.

एप्रिल १४५३ मध्ये दुसऱ्या मेहमदने वेढा घातला. शहराची रक्षणकर्ती समजली जाणारी मरियेची जुनी प्रतिमा, संत लूकने स्वतः रंगवली अशी श्रद्धा असलेली, तटाजवळ असावी म्हणून खोरात आणून ठेवली होती. २९ मे रोजी तट पडला. आत घुसलेल्या सैनिकांना आधी सापडलेल्या वास्तूंमध्ये ही एक होती. प्रतिमेचे तुकडे करून सोन्यारुप्याचं मखर वाटून घेतलं, असं त्या काळचा इतिहासकार डुकास लिहितो. इमारत उभी राहिली.

चर्चची मशीद व्हायला मात्र आणखी अर्धं शतक लागलं. १५११ च्या सुमारास सुलतान दुसरा बायेझिद याचा वजीर-ए-आजम अतिक अली पाशा याने ते काम केलं. नैऋत्य कोपऱ्यातला घंटामनोरा गेला, तिथे मिनार आला. मुख्य दालनात मक्केच्या दिशेने मिहराब बसवला, तोही थोडा तिरका, कारण चर्चचा रोख आणि किब्ल्याचा रोख जुळत नाही. अली पाशाने आपल्या इतर वास्तूंबरोबर हिचीही वक्फमध्ये व्यवस्था लावली. त्याच वर्षी आनातोलियातल्या शाहकुलूच्या बंडाशी लढताना तो मारला गेला. पुढच्या वर्षी म्हाताऱ्या बायेझिदला मुलगा सलीम याने गादीवरून उतरवलं. अली पाशा जगला असता तर मेटोकायटीससारखंच त्याचंही दिवाळं वाजलं असतं का, हा प्रश्न निरर्थक असला तरी मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढची चार शतकं लोकांनी इथे नमाज पढला. काही चित्रांवर चुना लागला, काहींवर लाकडी झडपा बसल्या, काही उघडीच राहिली. युरोपीय प्रवासी तिला मोझेकवाली मशीद म्हणून ओळखत. त्यामुळे चित्रं ‘लपवली’ आणि मग पाश्चात्त्य विद्वानांनी ‘शोधली’ ही गोष्ट सांगायला सोपी असली तरी अर्धीच खरी आहे. १७६६ च्या भूकंपानंतर उस्मानी सरकारनेच डागडुजी केली. १८९४ च्या भूकंपाने पुन्हा नुकसान केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन अभ्यासक फ्योदर श्मिट याने मोझेकवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला.

प्रजासत्ताकात १९४५ मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने मशिदीचं संग्रहालय झालं. १९४७ च्या सुमारास थॉमस व्हिटमोरच्या अमेरिकन बायझंटिन संस्थेने काम हाती घेतलं. व्हिटमोर १९५० मध्ये वारला, तेव्हा पॉल अंडरवुडने ते पुढे नेलं. चॅपेलमधली भित्तिचित्रं चुन्याखालून खरी उजेडात आली ती तेव्हा. १९५८ मध्ये संग्रहालय खुलं झालं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १९४५ चा ठराव रद्द केला. मुद्दा वक्फचा होता. मशीद म्हणून दान दिलेल्या वास्तूचा उपयोग सरकारला बदलता येत नाही. म्हणजे पाच शतकांपूर्वीच्या व्यवस्थेपुढे ७४ वर्षांपूर्वीचा सरकारी ठराव टिकला नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी, हाया सोफिया पुन्हा मशीद करण्याच्या निर्णयानंतर साधारण सहा आठवड्यांनी, राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाने करिये धर्मखात्याकडे गेली. दुरुस्ती चालू होती, म्हणून नमाज सुरू व्हायला ६ मे २०२४ उजाडला.

आता मुख्य दालनात गालिचा आहे आणि तिथली मोझेक नमाजाच्या वेळी पडद्यामागे जातात. दालनातल्या दारावरचं मरियेच्या महानिद्रेचं चित्र त्यात येतं. ओसऱ्या आणि चॅपेल पाहता येतात, परदेशी पाहुण्यांना तिकीट आहे. या निर्णयाने जगभर अनेकांना दुःख झालं आणि ते मला समजतं. संग्रहालयाची ७५ वर्षं हीच या वास्तूची ‘मूळ’ अवस्था होती असं मात्र म्हणता येत नाही. संग्रहालय हाही एका सरकारचा कागदच होता. माझी खरी काळजी वेगळी आहे. गर्दीचा दमटपणा, वारंवार सरकणारे पडदे आणि देखरेख करणाऱ्यांचं प्रशिक्षण यांचा हिशेब कोण ठेवतो? अंडरवुडच्या माणसांनी वर्षानुवर्षं कोरून स्वच्छ केलेल्या रंगांना धर्माशी देणंघेणं नाही, ओलाव्याशी आहे.

करिये पाहून झाल्यावर वेळ उरला तर गोल्डन हॉर्न खाडीच्या दिशेने उतरत फेनेर भागात जावं. लाल रंगाचं एक छोटं चर्च तिथे उंच भिंतीआड आहे. मंगोलांच्या राणीने काढलेल्या मठाचं ते चर्च. इस्तंबूलमधलं हे एकमेव बायझंटिन चर्च, जे कधीच मशीद झालं नाही आणि अजून ग्रीकांकडे आहे. मेहमदने आपल्या ग्रीक वास्तुशिल्पकाराच्या घराण्याला ते दिलं अशी परंपरा आहे. पुढच्या काळात ते ताब्यात घ्यायचे प्रयत्न झाले, तेव्हा सुलतानाचं फर्मान पुढे करून ते वाचवलं असं सांगतात. त्या फर्मानाची प्रत चर्चमध्ये लावलेली आहे. दार बहुधा बंद असतं. घंटा वाजवावी, राखणदार आत घेतो.